केतकीची प्रतिपिंडं

मृण्मयी घनवटच्या रक्तात स्वतःची म्हणावीत अशी प्रतिपिंडं जवळपास नव्हतीच. पंचविशीपर्यंत हे कुणाला कळलंही नव्हतं. लहानपणी तिचे कान फुटायचे, वर्षातून दोनदा छाती भरायची, शाळेत मुली तिच्याजवळ बसायला नाखूश असायच्या, एवढंच. पुढे जालन्यात बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, सारंगशी लग्न झालं आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला एकापाठोपाठ एक तीन वेळा न्यूमोनिया झाला. तेव्हा कुठे संभाजीनगरच्या डॉ. नुजहत काझींनी तिच्या रक्ताची नीट तपासणी केली.

"तुमच्याकडे कारखाना आहे, यंत्रं आहेत, कामगारही आहेत," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "फक्त माल बाहेर पडत नाही."

शरीरात एखादा जंतू शिरला की बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याची ओळख करून घेतात, मग त्यांतल्या काही पेशी मोठ्या होतात आणि त्या जंतूला नेमकं चिकटणारं प्रथिन ओतू लागतात. तेच प्रतिपिंड. जंतू गेला तरी यांतल्या काही पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षं टिकून राहतात. लहानपणी एकदा आलेला गोवर परत येत नाही तो त्यांच्यामुळे. मृण्मयीच्या बी-पेशी मोठ्या होण्याच्या आदल्या पायरीवरच अडून बसलेल्या होत्या. त्यामुळे दर तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेली प्रतिपिंडं सलाईनवाटे घ्यावी लागत. एकेका बाटलीत हजारो दात्यांचा वाटा असे. बाटली संपत आली की तिला बरं वाटे आणि तिसरा आठवडा उजाडला की अंगात कणकण सुरू होई.

२०४१च्या हिवाळ्यात ती बाटलीही पुरी पडली नाही. कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या एका जंतूनं तिची दोन्ही फुप्फुसं धरली. ती पाच महिने संभाजीनगरच्या रुग्णालयात होती. त्यांतले दोन महिने काचेच्या बंद खोलीत गेले.

आईवडील गेल्यापासून मृण्मयी आणि तिची धाकटी बहीण केतकी या दोघीच एकमेकींच्या होत्या. केतकी पुण्यात इमारतींचे नकाशे काढायची. ताई आजारी पडल्याचं कळताच ती रजा टाकून जालन्याला आली आणि बहिणीचं घर सांभाळू लागली. एक दिवस ती रुग्णालयात यायची, एक दिवस सारंग. काचेपलीकडच्या खुर्चीत बसून ती इंटरकॉमवर कॉलनीच्या ग्रुपवरची भांडणं वाचून दाखवायची. प्रत्येकाचा आवाज निराळा काढायची. पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण ऐकताना मृण्मयीला एकदा इतकं हसू आलं, की नळ्यांना जोडलेलं यंत्र ओरडू लागलं आणि परिचारिका धावत आली.

ती वाचली. आणि बाहेर आल्यावर डॉ. काझींनी तिला कुपीबद्दल सांगितलं.

ती पद्धत तेव्हा देशात नवी होती. दात्याच्या हाडांच्या मगजातून प्रतिपिंडं बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी काढायच्या, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत भरायच्या आणि ती कुपी रुग्णाच्या दंडात कातडीखाली बसवायची. कुपीची भिंत म्हणजे अतिशय बारीक जाळी. तिच्यातून प्रतिपिंडं बाहेर जातात, अन्न आत येतं, पण रुग्णाच्या लढाऊ पेशींना आत शिरता येत नाही. त्यामुळे दात्याच्या पेशी सुखानं राहतात आणि काम करतात. त्या दात्यानं आयुष्यात जे जे आजार काढले, ज्या ज्या लसी घेतल्या, त्या सगळ्यांची आठवण रुग्णाला आयती मिळते.

"ताई, एवढंसं तर काढणार आहेत. मी देते," केतकी म्हणाली. तिला विचार करायला आठ दिवस दिले होते, ते तिनं घेतलेच नाहीत.

कुपी बसली आणि सहाव्या आठवड्यात मृण्मयी धान्याच्या मोंढ्याजवळच्या गाडीवर उभी राहून पाणीपुरी खाऊन आली. तिला काहीही झालं नाही. ती ऑफिसात सगळ्यांना दंड दाखवायची. "ही माझी बहीण," म्हणायची.

अडीच वर्षांनी ती आई होणार असल्याचं कळलं.

*

बाविसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी नेहमीपेक्षा लांबली. तंत्रज्ञ मुलीनं डॉ. काझींना बोलावून घेतलं. डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी सारंगलाही आत बोलावलं.

"बाळाच्या मेंदूत उजव्या बाजूला रक्ताचा एक छोटा ठिपका दिसतोय," त्या म्हणाल्या. "लहान आहे. पण यायला नको होता. बाळाच्या प्लेटलेट्स कमी झाल्या असाव्यात असं मला वाटतं."

नाळेतून बाळाच्या रक्ताचा थेंब घेतला. प्लेटलेट्स दीड लाखाच्या पुढे हव्यात. होत्या एकवीस हजार.

कारणं दोन प्रकारची असू शकतात, डॉक्टरांनी समजावलं. एक, एखादा विषाणू. दोन, आईच्या रक्तातून वारेवाटे बाळाकडे जाणारं एखादं प्रतिपिंड. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर प्रथिनांच्या खुणा असतात. बापाकडून आलेली एखादी खूण आईमध्ये नसेल, तर काही आयांचं शरीर त्या खुणेला परकं समजतं आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवतं. मग ते बाळाच्या प्लेटलेट्स वेचून वेचून मारतं.

"पण माझं शरीर तर काहीच बनवत नाही," मृण्मयी म्हणाली.

"तुमचं नाही. पण कुपी बनवते." डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर केतकीची फाइल उघडली. "तुमच्या बहिणीला कधी दिवस गेले असतील, तर तिच्या पेशींमध्ये असलं प्रतिपिंड असू शकतं. फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलंय. तरी मी पुन्हा विचारते."

त्यांनी तिथूनच केतकीला फोन लावला. स्पीकर चालू होता. कधी गर्भ राहिला होता का, अगदी थोडे दिवस का होईना, कधी रक्त चढवलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," केतकी म्हणाली. "दोन्ही नाही. का हो डॉक्टर? ताई बरी आहे ना?"

मग डॉक्टरांनी सारंगकडे वळून त्याच्या घरच्यांबद्दल विचारलं. घनवटांकडे कुणाचं बाळ जन्मताच अंगावर लाल ठिपके घेऊन आलं होतं का? सारंगला माहीत नव्हतं. घराण्यात एखादी नोंद नसलेली खूण असेल तर ती एकट्याच्या रक्तावरून ठरवता येत नाही, म्हणून त्याचं आणि त्याच्या वडिलांचं रक्त तपासायला लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यानं स्वतःचं लगेच दिलं. वडील परतूरला असतात, आणतो म्हणाला.

ठाऊक असलेल्या सगळ्या खुणांची तपासणी दोन दिवसांत झाली. एकही जुळली नाही. केतकीचं उत्तर 'नाही', तपासणीचं उत्तरही 'नाही', म्हणून डॉ. काझी विषाणूच्या मागे लागल्या. गरोदरपणाच्या मध्यावर मृण्मयीची कुपी काढायची म्हणजे तिला पुन्हा २०४१च्या उंबरठ्यावर नेऊन उभं करायचं. नुसत्या शंकेवर ते करण्याची त्यांची तयारी नव्हती.

"बाबांचं रक्त?" मृण्मयीनं चौथ्या दिवशी विचारलं.

"तुळजापूरला गेलेत. आले की आणतो," सारंग म्हणाला.

सातव्या दिवशीही ते तुळजापूरलाच होते.

दहाव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली. ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला नाही, पण आपली खुर्ची जवळ ओढली आणि तिचा हात धरला. दुसऱ्यांदा रक्तस्राव झाला होता आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. बाळ जगेल, पण डाव्या हातापायावर परिणाम होऊ शकतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर आल्यावर मृण्मयीनं स्वतः सासऱ्यांना फोन केला. ते तीन तासांत एसटीनं आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. रक्त देऊन झाल्यावर दंडाला कापूस दाबून धरत ते तिच्या शेजारी बाकावर बसले.

"तुळजापूरहून कधी आलात?" तिनं विचारलं.

"कोण, मी?" ते गोंधळले. "मी कशाला जातोय तुळजापूरला? गुडघा धरलाय महिनाभर. घरीच होतो, सूनबाई. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो."

कॉरिडॉरच्या टोकाला सारंग पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. इतका वेळ तो कुणाशी बोलत असेल असा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला.

*

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आला. डॉ. काझींनी दोघांना बोलावलं. त्या दार लावून बसल्या आणि थोडा वेळ कागदच सारखे करत राहिल्या.

"तुमच्या रक्तात एक प्रतिपिंड सापडलंय," त्या मृण्मयीला म्हणाल्या. "ते प्लेटलेटवरच्या एका खुणेला चिकटतं. ही खूण आजवर कुठेच नोंदलेली नाही, म्हणून आमच्या यादीत ती नव्हती. सारंगच्या प्लेटलेट्सवर ती आहे. सासऱ्यांच्याही. बाळाच्याही. आपल्या रक्तपेढीतले चारशे नमुने तपासले, त्यांत एकाच्याही नाही."

"म्हणजे घराण्यातच आहे," मृण्मयी म्हणाली.

"आत्तातरी तसंच दिसतं."

"आणि प्रतिपिंड कुपीतून येतंय."

"हो. कुपीतल्या पेशी तपासल्या. त्यांतला एक छोटा गट तेच बनवतोय. बाटलीत हजारो लोकांचं मिश्रण असायचं. त्यात कुणा एकाचं असं काही असलं तरी ते विरून जायचं. कुपीत दाता एकच आहे. जे आहे ते पूर्ण ताकदीनं येतं."

मृण्मयीनं दहा वर्षं बियाण्यांची शुद्धता तपासली होती. मक्याच्या एका वाणात परका दाणा सापडला, की तो कुठल्या शेतातल्या परागामुळे आला हे शोधून काढणं तिचं रोजचं काम होतं. अशा अहवालात ती दोन ओळींच्या वर कधी लिहीत नसे. आता तिच्यासमोर सगळी माहिती मांडलेली होती आणि त्या दोन ओळी तिच्या डोक्यात आपोआप लिहिल्या गेल्या होत्या. तरी तिनं विचारलं.

"प्रतिपिंड बनायला शरीरात ती खूण यावी लागते ना?"

"लागते."

"कशी येते?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "रक्त चढवलं तर. किंवा ती खूण असलेला गर्भ पोटात वाढला तर."

सारंग एकदम बोलला. "मी कॉलेजात रक्तदान केलं होतं. दोनतीनदा. ते केतकीला कधी चढवलं असेल... तिला डेंग्यू झाला होता ना एकदा?"

"केतकीला कधीही रक्त चढवलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिनंच सांगितलंय. डेंग्यूच्या वेळचे कागदही आहेत."

सारंग टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"केव्हा?" मृण्मयीनं विचारलं.

त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं.

"सारंग, केव्हा?"

"तू काचेच्या खोलीत होतीस तेव्हा," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, आशा ठेवू नका म्हणून. आम्ही दोघंही... मृणू, आम्हाला वाटलं तू जाणार. दोघंही रडत बसायचो. कसं झालं ते मला खरंच..."

"आणि गर्भ?"

"तिला उशिरा कळलं. चौथा महिना लागला होता. पुण्यात जाऊन गर्भपात केला."

मृण्मयीनं डॉक्टरांना केतकीचा फॉर्म दाखवायला सांगितला. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि पडदा तिच्याकडे वळवला. नववा प्रश्न: दात्यास पूर्वी कधीही, कितीही काळ, गर्भधारणा झाली होती काय? त्याखाली बारीक अक्षरांत कारण छापलेलं होतं. गर्भधारणेनंतर दात्याच्या पेशींत घातक प्रतिपिंडं असू शकतात. उत्तर होकारार्थी असल्यास पेशी वेगळ्या चाळणीतून काढल्या जातील. पुढे केतकीच्या गोल अक्षरात 'नाही'. आणि पानाच्या तळाशी, साक्षीदार म्हणून, सारंग घनवट.

"तू शेजारी बसला होतास," मृण्मयी म्हणाली.

"हो."

"तिनं 'नाही' लिहिलं, आणि तू खाली सही केलीस."

"मला वाटलं, फॉर्ममध्ये विचारतात तसं विचारलंय. त्याचा असा काही..."

"कारण छापलंय, सारंग."

त्यानं पुढे वाकून ती बारीक अक्षरं वाचली.

"बरं, तेव्हा वाचलं नसशील. या दहा दिवसांत? बाबा तुळजापूरला होते म्हणालास."

"डॉक्टरांनी केतकीला फोनवर विचारलं, तेव्हाच लक्षात आलं," तो अगदी हळू म्हणाला. "वाटलं, विषाणूच निघेल. डॉक्टरही तसंच म्हणत होत्या. निघाला असता, तर तुला कधी कळायची गरजच नव्हती."

मृण्मयी उठून उभी राहिली. पोटामुळे तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. सारंगनं हात पुढे केला, तिनं तो घेतला नाही.

"कुपी आज काढता येईल?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"दुपारीच काढू."

"मग काढा. आणि यांना सांगा, बाहेर थांबायचीही गरज नाही."

*

दंडाला भूल देऊन अर्ध्या तासात कुपी निघाली. तेवढ्यानं भागणार नव्हतं, कारण रक्तात आधीच असलेलं प्रतिपिंड अर्धं व्हायलाही तीन आठवडे लागतात. बाळाकडे तेवढा वेळ नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मृण्मयीच्या हातातून रक्त यंत्रात जाऊ लागलं, तिथे त्यातला द्रव वेगळा होऊन फेकला जाऊ लागला आणि उरलेल्या पेशी स्वच्छ द्रवासोबत परत येऊ लागल्या. बाळाला नाळेतून प्लेटलेट्स द्यायच्या होत्या. ती खूण जगात जवळपास कुणाकडेच नसल्यामुळे कुणाच्याही प्लेटलेट्स चालत होत्या. डॉ. काझींनी पहिल्या खेपेला स्वतःच्या दिल्या, पण ते मृण्मयीला फार उशिरा, एका परिचारिकेकडून समजलं.

केतकी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मास्क, गाऊन, टोपी. यंत्र चालू होतं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"बस," मृण्मयी म्हणाली.

केतकी बसली नाही. "ताई, मला तुला सांगायचं होतं. किती वेळा मनात यायचं..."

"डॉक्टरांनी फोनवर विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस? स्पीकर चालू होता. मी ऐकत होते."

"मी घाबरले. आणि संध्याकाळी दाजींचा फोन आला. म्हणाले, आता काही बोलू नकोस, आधी विषाणूचं कळू दे..."

"त्याला दाजी म्हणू नकोस माझ्यासमोर."

केतकीनं मान खाली घातली. यंत्रातल्या नळीतून पिवळसर द्रव एका पिशवीत ठिबकत होता. त्या पिशवीत काय जातंय हे दोघींनाही ठाऊक होतं.

"त्या दिवशी एक शब्द बोलली असतीस, तर कुपी त्याच दिवशी निघाली असती," मृण्मयी म्हणाली. "दुसरा रक्तस्राव झाला नसता. दहा दिवस, केतकी. तुम्हा दोघांच्या चुकीचं मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. रडले असते, भांडले असते. कदाचित माफही केलं असतं. पण या दहा दिवसांचं काय करू?"

"मी पेशी दिल्या त्या..." केतकीचा आवाज फुटला. "मला वाटलं, तुझ्यासाठी एवढं केलं तर माझं थोडं तरी फिटेल. सुटेन मी."

"आणि मी लोकांना दंड दाखवत फिरत होते."

केतकी रडू लागली. मृण्मयीलाही रडू येत होतं, पण हातात सुया असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. केतकी पुढे झाली, तशी तिनं मान भिंतीकडे वळवली.

"तुला माहितीये," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "माझ्या शरीरानं या बाळाला काहीच केलं नसतं. त्याला असलं काही येतच नाही. सगळ्या बायकांत मी एकटी अशी होते, जिच्या पोटात हे बाळ सगळ्यात सुखरूप राहिलं असतं."

केतकी निघून गेली. पण ती गावातून गेली नाही. त्यानंतरचे बारा आठवडे ती रोज सकाळी येऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची आणि दुपारी जायची. परिचारिका सांगायच्या. मृण्मयीनं तिला आत बोलावलं नाही. सारंगनं पत्रं पाठवली, ती तिनं न उघडता त्याच्या वडिलांकडे दिली. सासरे मात्र दर गुरुवारी परतूरहून यायचे. मुलाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. पेरू आणायचे, आणि जंतूंमुळे ते आत नेता येत नाहीत हे दर वेळी विसरायचे.

पस्तिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून बाळ काढलं. मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम, प्लेटलेट्स बहात्तर हजार. रडली चांगली खणखणीत. उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. डावी सैल होती, आणि डॉक्टरांनी तळव्यावर बोट ठेवलं तरी ती मिटली नाही.

*

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा केतकीनं डॉ. काझींमार्फत निरोप पाठवला. ती पुन्हा पेशी द्यायला तयार होती. या वेळी त्या वेगळ्या चाळणीतून काढता येतील, तो एक घातक गट बाजूला करता येईल आणि मृण्मयीला पूर्वीसारखं मोकळं हिंडता येईल.

"वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा जुळणारा दाता नोंदवहीत नाही. बाटलीवर राहिलात तर दर हिवाळ्यात धोका आहे. लहान मुलगी आहे पदरात. हे मी तुम्हाला सांगायलाच हवं."

"केतकी बाहेर आहे?"

"आहे."

मृण्मयी बाळाला घेऊन बाहेर गेली. केतकी बाकावरून उठली. चार महिन्यांत ती वाळली होती. बाळाकडे बघून तिचा हात आपोआप पुढे आला आणि मध्येच थांबला.

"नको," मृण्मयी म्हणाली. "पेशी नकोत."

"ताई, माझ्यावरचा राग स्वतःवर काढू नकोस. त्यांत आता काही वाईट नसेल. डॉक्टरांना विचार."

"डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. पेशी चांगल्याच असतील. पण रात्रंदिवस तुझ्या भरवशावर जगायचं, हे मला आता जमणार नाही. थोडा ताप आला तरी मला वाटेल, हिनं अजून काय लपवलंय."

"मग जगशील कशी?"

"बाटलीवर. ज्यांना मी ओळखत नाही, अशा लोकांवर."

केतकी पुन्हा बाकावर बसली. मग बाळानं कुरकुर केली आणि मृण्मयी त्याला घेऊन आत गेली.

*

शेवटची भेट कागदासाठी होती. नव्या खुणेची आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नोंद करायची होती. डॉ. काझींनी फॉर्म छापून आणला होता.

"अशी खूण ज्या घराण्यात प्रथम सापडते, त्याचं आडनाव तिला देण्याची पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "घनवट. तुमची हरकत असेल तर नुसता आकडा देऊ. आणि इथे, प्रतिपिंड कसं तयार झालं ते लिहायचंय. 'अज्ञात' असंही लिहिता येतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "सारंग काल आले होते. 'अज्ञात' लिहा म्हणून विनंती करत होते. चुलतभावांची लग्नं व्हायची आहेत म्हणाले. मी सांगितलं, सही तुमची लागते."

"त्या चुलतभावांच्या बायकांना दिवस जातील, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना हे कुठून कळणार?"

"नोंदवहीतून. नाव असेल तर."

"मग नाव द्या."

डॉक्टरांनी लिहिलं. मृण्मयीनं कागद आपल्याकडे ओढला आणि पुढचा रकाना स्वतः भरला. अहवालात लिहायची तसंच, सरळ अक्षरात. दात्याची पूर्वीची गर्भधारणा. गर्भाचा पिता: प्राप्तकर्तीचा पती. मग बाळ दुसऱ्या खांद्यावर घेऊन तिनं ते पुन्हा वाचलं. वाचताना तिला जे होईल असं वाटलं होतं ते झालं नाही. सूड घेतल्यासारखं वाटलं नाही, मोकळंही वाटलं नाही. फक्त ते खरं होतं आणि पहिल्यांदाच कागदावर होतं.

"बाळाचं नाव?" डॉक्टरांनी विचारलं. "खूण असलेल्या तिसऱ्या व्यक्तीचं लागतं."

"शाल्मली."

"शाल्मली. पुढे?"

"मृण्मयी."

"आणि आडनाव?"

बाळाचा डावा हात तिच्या पाठीमागे लोंबत होता. तिनं तो धरून पुढे घेतला आणि आपल्या तळव्यात ठेवला.

"ते वर लिहिलंय ना, खुणेच्या नावात," मृण्मयी म्हणाली. "रक्तात आहे तेवढं पुरे. खाली परत लिहू नका."